वारूळवाडीच्या टपरीवर बजावलेलं समन्स

१७ जानेवारी २०२४. दाव्याची रक्कम एक लाख अठरा हजार चारशे रुपये. त्या दिवशी दिवाणी कोर्टाचा बेलिफ सावळेराम याने हिराबाईवर समन्स बजावलं. म्हणजे वारूळवाडीच्या टपरीवर बसून, दुसरा चहा मागवून, बजावल्याचा अहवाल लिहिला.

सगळी नोकरी त्याने अशीच काढली. उन्हात तो जात नसे, पावसात तर नसेच. “कागद पोचवणं पोस्टमनचं काम. आपण कोर्टाची माणसं,” असं टपरीवाल्याला ऐकवी. प्रवासभत्ता मात्र न चुकता उचली.

हिराबाई आळ्याच्या माळावर, मेंढपाळांच्या वस्तीत राहते. पेंडीच्या उधारीवरून एका दुकानदाराने तिच्यावर दावा लावला होता. सावळेरामने लिहिलं: ‘प्रतिवादीने समन्स घेण्यास समक्ष नकार दिला, म्हणून दोन पंचांसमोर दारावर डकवले.’ खरं वाटावं म्हणून पंचही वस्तीतलेच घातले, ज्योतिबा आणि गेणू. सह्या त्यानेच ठोकल्या. जन्मात एकदा डोकं चालवलं, तेही असं.

हिराबाई तारखेला आली नाही. तिची बाजू न ऐकताच एकतर्फी हुकूमनामा झाला. जुलैत सावळेराम जप्तीचं वॉरंट आणि भाड्याचा टेम्पो घेऊन मेंढ्या न्यायला माळावर उगवला. मेंढ्या टपरीवर चालत येत नाहीत, म्हणून या खेपेला जावं लागलं.

हिराबाईने वाट अडवली. “कसली जप्ती, भाऊ? ही मेंढरं नेली तर आमी खायाचं काय?”

“समन्स घेत नाही म्हणालीस तेव्हा कळलं नाही? तुझ्याच वस्तीतले पंच आहेत, ज्योतिबा आणि गेणू.”

वस्तीवर हशा पिकला.

“मीच त्यो ज्योतिबा,” एक जण पुढे आला. “दिवाळी झाली की आमी समदी मेंढरं घेऊन कोकणात उतरतो, ते पावसाच्या तोंडाला वर येतो. जानेवारीत हितं कुत्रं सुदिक नव्हतं. मला कुठनं धरून आणलं व्हतं, राव?”

“अरं, सायेबच कोकणात आलं असतील,” गेणू म्हणाला. “भात तरी जेवलात का, पावणं?”

“चला कोर्टात,” ज्योतिबा म्हणाला. “सही कुणाची ते जज्जसायबापुढं सांगतो.”

सावळेरामचा चेहरा उतरला. त्याने टेम्पो माघारी धाडला आणि तिथेच नवा अहवाल खरडला: ‘मेंढ्या चरावयास गेल्याने मिळून आल्या नाहीत.’ तो लिहीत असताना एक मेंढी त्याच्या पिशवीचा बंद चघळत होती.

हिराबाईने त्याच आठवड्यात वकील गाठून हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज दिला. जानेवारीत ज्याच्या खाचरात तिच्या मेंढ्या खतासाठी बसवल्या होत्या, तो कोकणातला शेतकरी साक्षीला आला. मग न्यायाधीशांनी सावळेरामला उभं केलं.

“समन्स दारावर का डकवलं?”

“साहेब, दाराला कुलूप होतं.”

“मग समक्ष नकार कोणी दिला? कुलपाने?”



समन्स पोचलंच नाही, म्हणून हुकूमनामा रद्द झाला आणि दावा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. मेंढ्या माळावरच राहिल्या. नवं समन्स दुसऱ्या बेलिफाने हिराबाईच्या हातात दिलं. ती आता प्रत्येक तारखेला हजर असते. सावळेरामची खात्याची चौकशी लागली आहे. टपरीवर मात्र तो सांगतो, हल्लीच्या पक्षकारांना कोर्टाची भीतीच उरली नाही.

टेम्पोच्या भाड्याचे नऊशे रुपये त्याच्याकडे अजून बाकी आहेत.