घोड्याचा ड्रेस

विषय : नायब तहसीलदार साहेबांचा घोडा 'सुलतान' यास सव्वीस जानेवारीच्या मिरवणुकीत अग्रभागी चालविण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : साहेबांचा अर्ज आणि माझी स्मरणशक्ती.

कचेरीत तीस वर्षं आवक-जावक सांभाळली. टपालाला जावक क्रमांक पडतो आणि ते निघून जातं. किस्से मात्र सगळे आवकच! सुलतानचे तर एक अख्खं कपाट व्यापतील.

आमची राजधानी नागपूरहून मुंबईला गेली, त्या सुमाराची गोष्ट. जोगळेकर साहेब पुण्याकडून बदलून आले. सोबत एक इंग्रजी पुस्तक होतं. त्यातले घोडे पाय उचलून, मान वाकवून, नवरदेवासारखे चालत. या विद्येला म्हणे ड्रेसेज म्हणतात. साहेबांनी बोरी अरबच्या बाजारातून घोडा आणला, त्याचं नाव सुलतान ठेवलं आणि मिरवणुकीच्या पुढे चालायचा अर्ज कलेक्टर साहेबांकडे धाडला. उत्तर आलं, ‘प्रात्यक्षिक पाहून ठरवू.’ साहेबांची झोप उडाली. सगळ्या तालुक्याला सांगून बसले होते ना!

*

सरावासाठी मैदान हवं म्हणून साहेबांनी टिपण लिहिलं : ‘घोड्याच्या ड्रेसेजकरिता सोय व्हावी.’

कचेरीचं सामान आणि खर्च सांभाळणाऱ्या नाझरांनी ते दोनदा वाचलं, नियमांचं पुस्तक उघडलं आणि शेरा मारला : ‘ड्रेसची तरतूद फक्त चपराशांसाठी आहे. घोड्यास देता येणार नाही.’

साहेब तणतणत आले. नाझर शांतपणे म्हणाले, "साहेब, टोपीपुरतं पाहतो. पण पायजमा चार पायांचा, तो कोणत्या नियमात बसवू?"

*

मैदान मिळालं. साहेब एका हातात लगाम, दुसऱ्या हातात पुस्तक घेऊन बसत. ‘पुढे’ म्हटलं की सुलतान सावकाश मागे सरकत लिंबाच्या झाडाला टेकायचा. आठवडाभर हेच.

चपराशी महादेव पाहत उभा असायचा. एकदा न राहवून म्हणाला, "साहेब, पुस्तक उलटं तं नाही ना धरलं?"

*

मग साहेबांनी गावातून फेरी मारायचं ठरवलं. सुलतान पहिल्या किराणा दुकानापुढे थांबला. टाच मारली, चुचकारलं, गूळ दिला. गूळ खाल्ला, पण हलला नाही! शेवटी साहेब खाली उतरले, तसा चालू लागला. पुढच्या दुकानापाशी पुन्हा तेच. सात दुकानं, सात वेळा उतरणं.

शेवटचा दुकानदार गल्ल्यावरून उठून हात जोडत म्हणाला, "वाईट नका वाटून घेऊ साहेब. जुनी सवय हाय त्याची. दुकान आलं का ओझं उतरलंच पाहिजे!"

*

ज्याच्याकडून घोडा घेतला त्या रूपला नाईकाला साहेबांनी बंजाऱ्यांच्या तांड्यावरून बोलावून घेतलं. म्हातारा सगळं ऐकून पोट धरून हसला.

"याले कायले मारून राह्यले, साहेब? जलमभर मीठ वाह्यलं यानं. म्होरं घंटीवाला बैल अन् मागं हा. म्होरं चालाचं याले कोणी शिकवलंच नाही!"

"म्हणजे घंटा वाजली तर चालेल?"

"चालन? नाचन!"

*

प्रात्यक्षिकाचा दिवस. कलेक्टर साहेब खुर्चीवर, मागे आम्ही सगळे. बैल आणणं साहेबांना शोभेना, म्हणून कचेरीची घंटा महादेवच्या हातात दिली. महादेवनं नवा ड्रेस घातला, पट्टा चढवला, छाती काढली आणि घंटा वाजवत निघाला.

आणि सुलतान! मान वाकवून, पाय उचलून, थेट पुस्तकातल्या चित्रासारखा! महादेव वळला की वळे, थांबला की थांबे. खोगिरावर साहेबांचे डोळे भरून आले.

कलेक्टर साहेबांनी टाळ्या वाजवल्या. "फार सुंदर! आता सांगा, अग्रभागी चालायचा अर्ज कोणाचा?"

"माझा, सर!" साहेब वरून म्हणाले.

कलेक्टर साहेबांनी खोगिरावरच्या जोगळेकर साहेबांकडे पाहिलं. मग महादेवकडे. महादेवनं घंटा बगलेत धरून कडक सलाम ठोकला.

त्यांनी अर्ज मागवला, पेन काढलं आणि शेरा लिहिला : ‘अर्जदाराचे नाव तपासून पुन्हा सादर करावे.’

अर्ज प्रलंबित आहे.