तिसरी ‘ब’मधले अवरेकाईचे दाणे

बेंगळुरूच्या बसवनगुडीतल्या एका शाळेत वासंतीबाईंनी अठ्ठावीस वर्षं तिसरीला शिकवलं. एवढ्या वर्षांत त्यांची एका गोष्टीबद्दल पक्की खात्री झाली होती, की हाताची घडी आणि तोंडावर बोट यांचा ऐकण्याशी काडीचाही संबंध नाही. पोरं घडी घालतात, बोट ठेवतात, बाईंकडे टक लावून बघतात आणि मनाने खुशाल मैदानात जाऊन खेळतात.

बाईंचं घराणं तीनेकशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. आता मराठी उरली होती ती स्वयंपाकघरात आणि नवऱ्याशी भांडताना. जानेवारीत अवरेकाई बाजारात आली की बाईही सगळ्या बेंगळुरूसारख्या पिशवी भरून आणायच्या. हे आपल्या पावट्याचं इकडचं भावंड. दाणे रात्रभर भिजवायचे आणि सकाळी एकेक चिमटीत दाबायचा, की सालीतून टुणकन बाहेर येतो. एका सकाळी बाई दाणे सोलत होत्या आणि नवरा, सूर्यकांत, मोठ्याने पेपर वाचत होते. एरवी त्यांचं वाचन बाईंच्या डोक्यावरून जायचं. त्या दिवशी शाळेत पोचेपर्यंत त्यांना सगळ्या बातम्या जशाच्या तशा आठवत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या दाण्यांचं पातेलं घेऊनच वर्गात गेल्या. सगळ्यांचे हात धुऊन घेतले, प्रत्येकापुढे वाटीत वीस दाणे ठेवले आणि नद्यांचा धडा सुरू केला. चाळीस पोरांचे हात चालू होते आणि वर्गात बाईंचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

त्यात सिद्धी होती. आईबाप दोघंही आयटीतले, वर्षापूर्वीच पुण्याहून आलेले. ही पोरगी एका तासात दहा वेळा उठायची. कधी पाणी, कधी शार्पनर, कधी नुसतीच खिडकी. पहिल्या सहामाहीच्या प्रगतिपुस्तकात बाईंनीच लिहिलं होतं, ‘लक्ष नाही.’ दाण्यांच्या चौथ्या दिवशी त्याच सिद्धीने हात वर केला आणि घरच्या मराठीतच विचारलं, “मिस, नदी समुद्राला मिळाली की तिचं पाणी लगेच खारट होतं, का हळूहळू?”

बाईंना भरून आलं. “सोमवारी सांगते,” त्या म्हणाल्या, कारण घंटा झाली होती.

शाळा सुटताना सिद्धीची आई, संहिता, न्यायला आली. उरलेले चार दाणे सोलून संपवायला पोरगी अजून बाकावरच बसलेली. “मॅम, अनबिलिव्हेबल! घरी जेवायला पाच मिनिटं बसत नाही ही. एक छोटासा व्हिडिओ घेऊ?” बाई हो म्हणाल्या. तेवढंच त्यांचं चुकलं.

व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर गेला. संध्याकाळपर्यंत कोणीतरी विचारलं, आमची मुलं टीचरच्या घरची भाजी निवडायला येतात का? मग बालमजुरी हा शब्द आला, आणि तो एकदा आला की पुढे कोण विचार करतो! आपली मुलगी पहिल्यांदा ऐकायला लागलीय, हे एक वाक्य संहिताने लिहायचं होतं. तिने गुपचूप व्हिडिओ काढून टाकला आणि मूग गिळून बसली.

मुख्याध्यापक हयवदन सरांनी बाईंना बोलावलं. “मिस, ते दाणे नंतर कुठे जातात?”

“माझ्या घरी, सर. अन्न टाकवत नाही. परवा डब्यात आणलेली आमटी त्या दाण्यांचीच होती. तुम्ही दोनदा वाढून घेतलीत.”

सर पंख्याकडे बघायला लागले. “ते सरी, ठीक आहे, मिस. पण पेरेंट्सना काय सांगू?”

“मुलं ऐकतात म्हणून सांगा.”

“ऐकलेलं दिसत नाही ना. दाणे दिसतात.”

“वर्ग काढून घेऊ नका, सर. मार्चपर्यंत तरी माझ्याकडे ठेवा. त्या पोरीचं आत्ता कुठे लक्ष लागायला लागलंय.”

सोमवारी बाईंना स्टोअररूममध्ये बसवलं. खडू, वह्या, टाय द्यायचे आणि रजिस्टरात सही घ्यायची. सूर्यकांत म्हणाले, “बिडु ग वासंती, सोडून दे. दोनच वर्षं तर राहिली रिटायरला.” घरात दाणे भिजवलेले होते, ते बाईंनी तसेच कचऱ्यात टाकले. आयुष्यात पहिल्यांदा अन्न टाकलं, आणि टाकताना हात जराही अडला नाही.

फेब्रुवारीत शिक्षकांसाठी कार्यशाळा झाली. रविकिरण नावाचा तरतरीत तज्ज्ञ पडद्यासमोर उभा राहून सांगत होता, “मुलांच्या हातांना काम द्या, मग त्यांचे कान उघडतात.” मग त्याने रबरी पाट्या वाटल्या. त्यांवर रंगीत फुगवटे होते. दाबले की टप् करून आत जायचे. टाळ्या पडल्या, सर्वांत मोठ्या हयवदन सरांच्या. मागच्या रांगेत बसलेल्या वासंतीबाईंनीही वाजवल्या. नसत्या वाजवल्या, तर ते मात्र सगळ्यांना दिसलं असतं.

पाट्यांची खोकी अर्थात स्टोअररूममध्येच आली. दुसऱ्या दिवशी सिद्धी खिडकीशी आली. नव्या मिसनी तिला शेवटच्या बाकावर बसवलं होतं. तिने सही केली, पाटी घेतली आणि तिथेच चारपाच फुगवटे दाबून पाहिले. मग पाटी उलटी करून पुन्हा दाबले.

“मिस, ह्यातून काहीच बाहेर येत नाही.”

“नाही येत, बाळा.” आपण ‘सोमवारी सांगते’ म्हटलं होतं, ते बाईंना एकदम आठवलं. “थांब, तुझ्या नदीचं सांगायचं राहिलंय. पाणी एकदम खारट होत नाही. मुखाशी थोडं गोडं असतं, थोडं खारट…”

त्यांनी वर पाहिलं. फाटकात पाण्याचा टँकर मागे मागे घेत होते आणि सिद्धी तिकडे बघत होती. अंगठा पाटीवर टप् टप् चालूच होता. बाईंनी हळूहळू वाक्य पुरं केलं, मग रजिस्टर ओढून पुढचा नंबर घातला.