मामा काही बोलला नाही

माझा भाऊ ऑर्व्हिल, आडनाव टीही, कधी नावारूपाला आला नाही. टल्सापासून अमारिलोपर्यंत ज्या ज्या गावात दारूचा गुत्ता आणि लाकडी स्टेज आहे, तिथं तिथं तो गायला, मी त्याच्यामागे उभी राहून बास गिटार वाजवली. एवढीच आमची कीर्ती. पण त्यानं रचलेलं एक गाणं तुम्ही नक्की ऐकलं असेल, त्यावर नाचलाही असाल. त्याच गाण्यानं त्याला देशोधडीला लावलं.

आम्ही स्टिलवेलच्या पलीकडच्या खोऱ्यातले. आई डबाबंद भाज्यांच्या कारखान्यात, पुढं मीही तिथंच. आमच्या चेरोकी आदिवासी घरांत बापापेक्षा मामाचा शब्द मोठा. बापाकडे फार तर ट्रकची किल्ली मागायची. आमचा मामा, एली केचर, लाकडी चर्चमध्ये आमच्या भाषेतली गाणी पुढं होऊन म्हणायचा आणि ऑर्व्हिलला गिटारही त्यानंच शिकवली. ऑर्व्हिलनं पहिलं गाणं रचलं, तेव्हा मामानं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "चांगलंय. काल माझा कुत्रा हेच म्हणत होता, फक्त तो सुरात होता." ऑर्व्हिल आनंदानं नुसता उड्या मारत होता. तोंडावर वाईट बोलणं आमच्या लोकांना जमत नाही. आवडलं की थट्टा करतात.

खोऱ्यात एक चाल आहे, तिला नाव नाही. सरकारनं पूर्वेकडून आमच्या माणसांना हाकलून आणलं तेव्हा वाटेत जे मेले त्यांना माती देताना ती म्हटली, असं जुनी माणसं सांगतात. कबर आम्ही स्वतः बुजवतो. फावडी या हातातून त्या हातात जातात आणि तेवढा वेळ ती चाल. एरवी कुणी ती गुणगुणतसुद्धा नाही. सुरू करायचा मान मामाचा. आईच्या वेळी मात्र मामाचा आवाज मधेच फुटला आणि पुढं ऑर्व्हिलनं ती उचलली. असा गायला की मला वाटलं, आई उठून बसेल.

तेव्हा तो नॅशव्हिलला, गाण्याच्या कंपन्यांच्या शहरात, नशीब काढायला गेला होता. माती झाली तसा परत गेला, पण चाल काही डोक्यातून जाईना. झोपेत, गाडीत, भांडी घासताना तीच. शेवटी त्यानं तिच्यावर शब्द बसवले: एक ट्रकवाला बायकोला सोडून जातो, असलं काहीतरी. रेकॉर्ड कंपनीचा हॅन्लन नावाचा माणूस ऐकून म्हणे रडला. ऑर्व्हिल करारावर सही करून मोकळा झाला, रेकॉर्डही केलं, आणि मग गाडी हाकत मामाला ऐकवायला घरी आला. मी कामावर होते, भेट झाली नाही. नॅशव्हिलला परत पोचल्यावर त्यानं फोन केला.

"ताई, मामाला ऐकवलं!"

"मग?"

"काही बोलला नाही."

"काही नाही म्हणजे?"

"कॉफी ओतली. म्हणाला, शेगडीवर घेवडा आहे, खाऊन जा."

"आणि थट्टा?"

"नाही केली."

"अरे, कुत्र्याचं, कोंबड्याचं, तुझ्या केसांचं, काहीच बोलला नाही?"

मी म्हटलं, "गाऊन दाखव बघू." त्यानं दोन ओळी म्हटल्या आणि मी त्याला मधेच तोडलं.

"अरे गाढवा, ही आईच्या मातीची चाल आहे!"

"हो गं. म्हणूनच तर..." मग म्हणाला, "ताई, मी खुशीत दोनदा घेवडा वाढून घेतला गं."

बरीच वर्षं तो अशा लोकांत राहिला होता, जे आवडलं नाही तर तोंडावर सांगतात. आपला माणूस गप्प बसतो ते कशासाठी, हेच तो विसरला. मला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त कीव आली.

दुसऱ्या दिवशी तो, गाणं मागे घ्या म्हणून, हॅन्लनच्या पाया पडायला गेला. हॅन्लन म्हणाला, "तुझी रेकॉर्ड नको? बरं, नाही काढत. पण गाणं आता आमचं आहे, बाबा." टेक्सासच्या एका सोनेरी केसांच्या पोराला त्यांनी ते दिलं. उन्हाळ्यात ते प्रत्येक ट्रकमध्ये वाजत होतं. लग्नांत जोडपी गळ्यात गळा घालून त्यावर नाचत होती.

तेव्हापासून ऑर्व्हिल कुठं टिकला नाही. मी कारखाना सोडून बास घेऊन त्याच्यामागे निघाले. ढाब्यावर बसावं, कुणीतरी गाण्यांच्या पेटीत नाणं टाकून ते गाणं लावावं, की हा दाराबाहेर. मागून मी बिल भागवून, गिटारी गोळा करून धावायची. आज मस्कोगी, उद्या विचिटा, परवा कुठं ते त्यालाही ठाऊक नसायचं. गंमत म्हणजे लोक आमच्याकडेच त्याची फर्माईश करायचे. ऑर्व्हिल म्हणायचा, "तेवढं एक येत नाही आम्हाला." गाण्याचे पैसे यायचे, ते पाकीट न फोडता तो गावच्या आग विझवणाऱ्या मंडळींना देऊन टाकायचा. आमच्या खोऱ्यातला लाल बंब त्यातूनच आला, पण तो हे कुणाला सांगू द्यायचा नाही.

गावी आम्ही यायचो. मामा त्याच्याशी अगदी सभ्यपणे वागायचा, आणि तेच वाईट होतं. "ये ऑर्व्हिल. प्रवास बरा झाला ना?" बँकेतल्या साहेबाशी बोलावं तसं. ऑर्व्हिल त्याच्यासमोर वेडेवाकडे विनोद करायचा, मुद्दाम बेसूर गायचा, मामानं एकदा तरी टोमणा मारावा म्हणून. मामा मान हलवायचा आणि कॉफी ओतायचा. कुणाच्या मातीला गेलो तर ऑर्व्हिल स्मशानाबाहेर ट्रकमध्ये बसून राहायचा, काचा वर करून.

एकदा माझं डोकं फिरलं. मी मामाला म्हटलं, "पोरगं चुकलं, मेलं नाही. किती दिवस असा वागणार आहेस?"

"मी काही बोललोय का त्याला?"

"तेच तर म्हणतेय मी!"

मामानं टोपी घातली आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेला. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

मग गेल्या मे महिन्यात स्ट्रॉबेरीची जत्रा होती. मामा आता काठी टेकत चालतो. मांडवाखाली आम्ही मोठ्या कढईतलं तळलेलं डुक्कर खात होतो. ऑर्व्हिल आदल्या दिवशीच अमारिलोहून आला होता आणि संध्याकाळी निघायचं म्हणत होता. तेवढ्यात कर्ण्यावर ते गाणं लागलं.

ऑर्व्हिल उठलाच. मामानं त्याच्या शर्टाचा काठ धरला. "बस."

"मामा, सोड. मी जरा..."

"बस म्हटलं ना."

मामानं मान तिरकी करून गाणं शेवटपर्यंत ऐकलं. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं वळून आमच्याकडे बघत होती. तिथं बसलेल्यांपैकी प्रत्येकाला ठाऊक होतं. ऑर्व्हिलचं तोंड पांढरं पडलं होतं.

गाणं संपल्यावर मामा मोठ्यानं म्हणाला, "लोक म्हणतात ह्यात आपली चाल आहे. कुठंय? मला तर कुठं सापडली नाही. ह्या गाणाऱ्या पोराच्या शेपटीवर कुणी पाय दिलाय का? आणि ऑर्व्हिल, तू रे, हे केस कुणासाठी वाढवलेस? मागून बघितलं तर वाटलं, लोरीनच बसलीय, जरा म्हातारी झालीय एवढंच."

लोरीन म्हणजे मी. सगळा मांडव हसला. मी हसू का रडू ते मला कळेना.

त्या टेक्सासच्या पोरानं चाल जशीच्या तशी म्हटलीय, एक सूर इकडचा तिकडे नाही. मी बास वाजवते, मला कळतं. मामाला माझ्याहून चांगलं कळतं. ज्यानं जन्मात कुणाला खोटं सांगितलं नाही, तो माणूस भर जत्रेत, सगळ्या गावासमोर धडधडीत खोटं बोलला.

ऑर्व्हिल खाली बघत होता. हळूच म्हणाला, "मामा, मला माहितेय तू..."

"तुला काही माहीत नाही. उद्या चर्चमधल्या बर्था हमिंगबर्डची माती आहे. माझा दम आता पुरत नाही. चाल तू सुरू कर."

"मी?" ऑर्व्हिलचा आवाज चिरकला. "आणि माझं चुकलं तर?"

मामा काठी टेकत उठला.

"चुकलं तर ह्या वेळी तोंडावर सांगेन."