शेवटचा दिवस सांगणे

आमच्या पाड्यांवर माणूस घराबाहेर मेला तर त्याचा शेवटचा दिवस सांगावा लागतो. त्याच्याजवळ जो होता त्याने अंगणात बसून, सगळ्यांसमोर, सकाळपासून सुरुवात करून सांगायचा. काय खाल्लं, कोणाशी बोलला, कुठे पडला. काही वगळायचं नाही आणि काही गोड करायचं नाही. मेलेला ऐकत असतो असं आम्ही मानतो. सगळं ऐकल्यावर त्याला आपण मेल्याचं कळतं, आणि मग जिथे जीव गेला त्या जागेवरून त्याला घरी आणतात. तोपर्यंत तो तिथेच बसून राहतो.

आश्रमशाळेत माझ्या शेजारी झोपणाऱ्या मुलाचा शेवटचा दिवस कोणी सांगितला नव्हता. ताप डोक्यात गेला, दवाखान्यात नेताना घाटातल्या वळणावर गाडीतच गेला, एवढा निरोप शाळेने त्याच्या घरी दिला होता. मला त्यातलं बरंच माहीत होतं, पण लहान मुलाचं सांगणं आमच्यात धरत नाहीत. मी सांगण्याजोगा झालो तेव्हा शहरातल्या कॉलेजात होतो आणि नंतर इकडे ओमानला आलो. त्याची आई, जिला मी काकी म्हणतो, दरवर्षी त्या वळणावर भात आणि पाणी ठेवून येते. सांगणारा नाही, म्हणून त्याला घरी आणता येत नाही.

ओमानमधल्या दुक्मच्या कामगार कॅम्पवर मला तिचा फोन आला तो आमच्याच पाड्यावरच्या एका मुलीमुळे. ती आश्रमशाळांवर माहितीपट करते आहे. तिने आधी मला एक फिल्म पाहायला पाठवली. दूरच्या एका थंड देशात तिथल्या मूळ लोकांची मुलं उचलून नेऊन ज्या शाळांत ठेवली होती, त्या शाळांची. म्हातारी झालेली ती मुलं कॅमेऱ्यासमोर बसून एकेक आठवण सांगत होती. पहिल्या दिवशी केस कापले, घरची भाषा बोललं की मार. केस कापण्याचा भाग मी पुन्हा पाहिला. आमचेही असेच अंगणात रांगेने बसवून कापले होते. फरक एवढाच, की मला कोणी उचलून नेलं नव्हतं. बाबांनी खांद्यावर बसवून नेलं होतं. तिथे दोन वेळचं जेवण मिळेल म्हणून.

"दादा, तिकडे सरकारने माफी मागितली, समेटाच्या सभा झाल्या," ती फोनवर म्हणाली. "मी काकीला हे सांगितलं, तर ती काय म्हणाली माहितीये? समेट भांडणाचा करतात. माझं कोणाशी भांडण नाय, माझा पोऱ्या तेवढा आणून द्या."

मग तिने फोन काकीला दिला. काकीने माझ्या बायकामुलांची चौकशी केली आणि म्हणाली, "तू होतास ना त्याच्याजवळ? आता तू मोठा झालास. सांगशील का रे बाबा?"

मी हो म्हणालो. हो म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर काकी नव्हती, सर होते.

सर म्हणजे आमच्या वसतिगृहाचे अधीक्षक. मी आज जो कोणी आहे तो त्यांच्यामुळे. दहावीनंतर ते मला घेऊन तालुक्याला गेले, डिप्लोमाला घातलं, थंडीत स्वतःचा स्वेटर दिला. माझ्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. डिप्लोमा पुरा झाला त्या दिवशी मी आईबाबांच्या आधी सरांच्या पाया पडलो होतो. आणि त्या मुलाला खोलीत घालून बाहेरून कडी लावणारेही सरच होते.

माझ्या खोलीत रत्नागिरीकडचे एक चाचा राहतात. स्टोअरकीपर आहेत, माझ्या दुप्पट वर्षं आखातात काढलेले. कॅम्पवर सगळे जेवणाला शिव्या घालतात, घंटेला शिव्या घालतात, एकावर एक पलंगांना शिव्या घालतात. मी घालत नाही. चाचा त्यावरून माझी टर उडवतात.

"ह्याला बघा, माहेरी आल्यासारखा झोपतो! अरे, कंटाळा नाय येत तुला ह्या जेलचा?"

"आठ वर्षांचा होतो तेव्हापासून सवय आहे, चाचा."

मी असं म्हटलं की ते माझ्यासाठी चहा ठेवतात. काकीचा फोन आला त्या दिवशी मी त्यांना सगळं सांगितलं आणि विचारलं, ज्यांचं अन्न खाल्लं त्यांच्याविरुद्ध बोलायचं का? चाचांनी चहा संपवला, मग म्हणाले, "विरुद्ध कुठं? तू पाहिलंस तेवढं बोल. साक्ष लपवायची नसते रे. आमच्यात तर तो गुनाह."

दोन दिवसांनी सरांचाच फोन आला. ती मुलगी त्यांच्याकडेही जाऊन आली होती आणि त्यांनी तिला परत पाठवलं होतं.

"बाळा, तिकडे गरम फार असेल ना?"

"हो सर. वारा असतो, धूळ असते."

"जेवणाचं नीट आहे?" आणि मग, "तू सांगणार आहेस म्हणे. एवढ्या मुलांना मी मार्गी लावलं, आणि आता फिल्ममध्ये मी राक्षस दिसणार. दोनशे पोरं होती आणि मी एकटा. रोज कोणी ना कोणी पळायचा. एखादा पोर ओढ्यात सापडला असता तर? पोटात दुखतंय हे सगळेच सांगायचे रे."

सर खोटं बोलत नव्हते. आम्ही सगळेच सांगायचो. तो मुलगा दोनदा पळून घरी गेला होता आणि दोन्ही वेळा पोट दुखण्याचं निमित्त करून निघाला होता. तिसऱ्यांदा खरंच दुखलं तेव्हा सरांनी त्याला धान्याच्या खोलीत घातलं.

मी म्हणालो, "सर, मी तुम्हाला राक्षस म्हणणार नाही. पण मला सकाळी गाडी निघेपर्यंतचंच माहीत आहे. त्याच्या पुढचं फक्त तुम्हाला. ते राहिलं तर सांगणं पुरं होत नाही."

सरांनी फोन ठेवला.

शुक्रवारी आम्हाला सुट्टी असते. नेहमीचे व्हिडिओ कॉल इथे लागत नाहीत, म्हणून ऑफिसच्या मीटिंगचं अॅप वापरलं. चाचा जुम्म्याच्या नमाजाला गेले होते. मी आंघोळ करून जमिनीवर बसलो, कारण सांगणारा जमिनीवर बसतो. पडद्यावर काकीचं अंगण दिसलं. पाड्यावरची माणसं, मध्ये तांदळाची ओंजळ टाकलेलं सूप, आणि हे विधी चालवणारा जाणता म्हातारा. काकी सुपाजवळ बसली होती. तिचे केस मी पाहिले होते त्याहून खूप पांढरे झाले होते.

"कर सुरू," म्हातारा म्हणाला. "त्याला ऐकू येईल असा बोल."

मी सुरू केलं. सकाळी त्याने लापशी खाल्ली नाही, माझ्या ताटात टाकली. प्रार्थनेला उभा होता तो खाली बसला. सरांना म्हणाला, पोटात दुखतंय, घरी जाऊ दे. सर म्हणाले, तुझी नाटकं मला माहीत आहेत. त्याला धान्याच्या खोलीत नेलं, कडी लावली. दुपारी मी मागच्या खिडकीच्या गजातून तांब्याने पाणी दिलं. अर्धं त्याच्या अंगावर सांडलं. तो म्हणाला, आईला सांग मी पळालो नाही.

इथे काकीने हात वर केला. मी थांबलो.

"अजून काय बोलला?"

"तुझं नाव घेतलं, काकी. मग नुसतं कण्हत होता."

"थांबू नको. आख्खा सांग."

मी पुढे सांगितलं. अंधार पडल्यावर आवाज येईना. सकाळी सरांनी दार उघडलं, आत गेले, बाहेर येऊन शिपायाला हाक मारली. दोघांनी त्याला घोंगडीत घालून दुधाच्या टेम्पोत ठेवलं. आम्हाला वर्गात पिटाळलं. टेम्पो गेला.

"टेम्पोत घातला तवा जित्ता व्हता का?" म्हाताऱ्याने विचारलं.

"मला माहीत नाही, बाबा. मी लांब होतो."

मग पडदा हलला, त्या मुलीने कॅमेरा फिरवला. अंगणाच्या कडेला, कुंपणाजवळ, प्लास्टिकच्या खुर्चीवर सर बसले होते. किती वेळ बसले होते मला ठाऊक नाही. फार बारीक झाले होते. त्यांनी उठायचा प्रयत्न केला तेव्हा म्हातारा म्हणाला, "मास्तर, खाली बसून सांगा." सर खुर्चीवरून उतरून शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसले.

"नव्हता," सर म्हणाले. "दार उघडलं तेव्हाच नव्हता. अंग गार पडलं होतं. कोंडलेल्या खोलीत गेला असं कळलं असतं तर मला घरी बसवलं असतं. म्हणून वळणावर गेला असं सांगितलं. मी घाबरलो होतो."

काकी ओरडली नाही. मला वाटलं होतं ती ओरडेल. ती म्हाताऱ्याकडे वळून म्हणाली, "म्हणजे एवढी वरसं मी भात भलतीकडं ठेवला? तो तिकडं उपाशीच?"

म्हाताऱ्याने सूप तिच्याकडे सरकवलं.

मग ती सरांना म्हणाली, "दार तुमी लावला. आता तुमीच उघडायचा." एवढंच. शिवी नाही, शाप नाही.

पुढचं मी पाहिलेलं नाही. ते त्या मुलीने मला सांगितलं. शाळा अजून चालते, त्या खोलीत आता मोडके बाक ठेवतात. मुख्याध्यापकांनी आधी वरून परवानगी आणा म्हटलं, मग काकी फाटकाशी बसून राहिली तेव्हा किल्ली दिली. काकीने त्या मुलीला कॅमेरा फाटकाबाहेर ठेवायला लावला. कुलूप जुनं होतं, सरांकडून निघेना, पण काकीने दुसऱ्या कोणाला ते उघडू दिलं नाही. दार उघडल्यावर तिने उंबऱ्याच्या आत भात ठेवला, पाणी ठेवलं, आणि त्याला त्याच्या लाडाच्या नावाने हाक मारली.

तिथून घरापर्यंत मागे वळून पाहायचं नसतं आणि बोलणं थांबवायचं नसतं, नाहीतर तो वाट चुकतो. घाटातल्या वळणावर ती थांबली नाही. सर काही अंतर मागून चालत आले, मग त्यांना चालवेना, ते रस्त्याकडेला बसले. काकी एकटी पुढे बोलत निघाली होती. बाप गेला तुझा, ती त्याला सांगत होती. ओढ्यावर पूल झाला, त्यावरून ये. आपलं घर आता सिमेंटचं आहे, कूड काढून टाकला. ओळखलं नाहीस तर भिऊ नको, मी दारातच आहे.