येसाजीबुवांनी न दिलेली वाट

पोलादपूरच्या वर, डोंगरमाथ्यावरच्या आमच्या वाडीत येसाजीबुवांसारखं पुराण सांगणारं दुसरं कोणी नव्हतं. गुरं राखायची, नाचणी करायची आणि एकादशीला देवळात निरूपणाला बसायचं. क्रोध आणि मत्सर माणसाला आतून कसे पोखरतात, हे ते सांगू लागले की बायका डोळे पुसायच्या.

वाडीला गाडीरस्ता नव्हता. अखेर मंजूर झाला, तो बुवांच्या शेताच्या कडेने. जेमतेम एक पट्टी जाणार होती. बुवा नाही म्हणाले. रस्ता संपणार होता त्यांच्या धाकट्या भावाच्या दारात, आणि त्या भावाने बांधाच्या भांडणात साऱ्या गावासमोर त्यांच्या थोबाडीत मारली होती. भाऊ वारला, तरी बुवांचा राग गेला नव्हता.

भावाचा मुलगा सुधीर महाडच्या एका कारखान्यात होता. तो येऊन पाया पडला. "काका, आईला दमा हाय. रस्ता झाला तर गाडी दारात येईल."

"तुझं खरं हाय रे. मी चुकतोय, मला कळतंय. पण देववत नाय."

"कळतंय तर मग?"

बुवांनी घोंगडी खांद्यावर टाकली आणि ते गोठ्याकडे निघाले.

भादव्यात एका सकाळी सुधीरच्या आईला, विठाबाईला, जोराची धाप लागली. तिला डोलीत घालून माणसं उतरणीला लागली. पुढचा दांडा बुवांनी स्वतः खांद्यावर घेतला होता. वाट निसरडी, पाऊस थांबेना. निम्म्या उतारावर ती गेली. डोली खाली ठेवल्यावर बुवांनी तिच्या तोंडावर पदर ओढला आणि ते तिथेच चिखलात बसून हुंदके देऊन रडले.

सगळ्यांना वाटलं, आता देतील. तेराव्यानंतर सरपंच कागद घेऊन आले. बुवांनी पेन हातात धरलं, खाली ठेवलं.

"पाप माझंच हाय. भोगीन मी. सही नाय करणार."

रस्ता दुसऱ्या वाडीला गेला. सुधीरने घराला कुलूप लावलं आणि महाडला खोली घेतली.

पुढच्या एकादशीला बुवा देवळात बसले, तर समोर एकटी त्यांची बायको रखमा. थोडं ऐकून तीही उठली.

"तुमी सांगता ते सगळं खरं हाय," ती म्हणाली. "म्हणून तर ऐकवत नाय."

बुवांनी पोथी मिटून फडक्यात बांधली. मग उठून गुरं सोडायला गेले.