माळवदावरची पाचवी

मी सैन्यात नव्हते. सत्तरच्या दशकात आमच्या भागात बाईच्या हातात बंदूक कोण देणार? मी जिल्ह्याच्या महिला पथकात होते. खाकी साडी, कॅनव्हासचे बूट, रविवारी परेड. शिक्षण चौथी. कृष्णेला पूर आला तेव्हा आमच्या पथकाची ड्यूटी सांगलीच्या वरच्या अंगाला, उंचावरच्या एका शाळेत लागली. तिथं सैन्याची बोटींची तुकडी उतरली होती आणि खालच्या वस्त्यांवरची माणसं आणली जात होती. त्या सगळ्यांचा लंगर, म्हणजे स्वयंपाक, माझ्या ताब्यात होता. मी पाहिलं तेवढंच लिहिते.

भाकरीचा प्रश्नच नव्हता. पीठ भिजलं होतं, गिरण्या बंद होत्या. तांदूळ मात्र होता. लोकांनी घराघरातून पाठवलेला, जातीजातीचा. पाटणकडचा आंबेमोहोर होता, जिरेसाळ होता, रेशनचा जाडा होता आणि एका व्यापाऱ्यानं दिलेला उकडा होता. माझं माहेर पाटणकडचं, भाताच्या खाचरांतलं. मी आल्याआल्या पोती वेगळी लावली. सगळा तांदूळ एका हंड्यात ओतला तर एक विरघळतो आणि दुसरा दाताखाली कचकचतो.

आंबेमोहोर वासाला चांगला, पण चिकट. मोठ्या हंड्यात त्याचा गोळा होतो. तो थोडा थोडा शिजवून आजाऱ्यांना आणि लहान पोरांना द्यायचा. जिरेसाळही थोडाच होता, तो म्हाताऱ्यांना. पंगतीला जाडा. उकड्याला वेळ आणि सरपण जास्त लागतं, पण तो पोटात टिकतो, म्हणून बोटीवरच्या जवानांना उकडा. नव्या तांदळाला पाणी कमी, जुन्याला जास्त. घरी पातेल्यात तांदळाच्या वर बोटाचं एक पेर बुडेल एवढं पाणी घातलं की भात होतो. शंभर माणसांच्या हंड्याला पेर लावून चालत नाही. तिथं भरपूर आधण ठेवायचं, तांदूळ धुऊन त्यात वैरायचा, शीत चिमटीत दाबून बघायचं. मधे बारीक कणी लागली की पेज गाळायची आणि हंडा निखाऱ्यावर झाकून ठेवायचा. पेज टाकायची नाही. मीठ घालून प्यायची.

माझ्या हाताखाली हौसाबाई होती. कवठे महांकाळकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. तिकडं ज्वारी-बाजरी. भात लग्नात नाहीतर आजारपणात. पहिल्या दिवशी तिनं हंड्यात डाव घालून, कण्या घाटाव्यात तसा भात घाटला. लापशी झाली.

बोटींच्या तुकडीतला नाईक बाबूराव उंब्रजचा. त्यानं ताट पुढं केलं आणि हौसाबाईला म्हणाला, "मावशी, ही खळ कागद चिकटवायला का?"

"तुजं त्वांड चिकटवायला केलीया, गड्या. खा गप."

जवान हसले. बाबूरावानं दोनदा वाढून घेतलं. मी हौसाबाईच्या हातातला डाव काढून घेतला. म्हणाले, "आधण आल्यावर एकदा हलवायचं, मग हात लावायचा नाही."

"न्हाई हलवलं तर करपत न्हाई व्हय?"

"जाळ तुझ्या हातात आहे. तो कमी कर."

दोन दिवसांत तिचा हात बसला. मग तिला सांगावं लागलं नाही.

पाऊस थांबला नाही. एका दुपारी बोट नदीकाठच्या मळ्यातल्या एका घराकडं गेली. माळवदाचं घर, म्हणजे वर मातीचं सपाट छत आणि भिंतीही मातीच्या. सगळं कुटुंब त्या छतावर बसलेलं. त्यात एक बाळंतीण. बाबूराव वायरलेस सेट घेऊन वर चढला. आमच्याकडचा सेट तुकडीचे हवालदार निकम यांच्यापुढं, चुलीपासून हाकेच्या अंतरावर. मला सगळं ऐकू येत होतं.

"कंट्रोल, बाळंतीण उतरत नाही. सासू अडवतेय. ओव्हर."

"कारण? ओव्हर."

"पाचवी झाली न्हाई म्हणतेय. ओव्हर."

हवालदार आमच्याच भागातले. त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. पाचव्या रात्री सटवाई येते आणि मुलाच्या कपाळावर नशीब लिहिते. तोवर आई आणि मूल जागा सोडत नाहीत. मूल तीन दिवसांचं होतं. पाणी खिडकीला लागलं होतं.

"उचलून आणा म्हणू का?" हवालदारांनी मला विचारलं.

"ओढाताणीत मूल पाण्यात जाईल. बाई पाठवा."

हौसाबाई हात पुसत उठली. "म्या जाते. सासूला सासूच लागती. मला दोन सुना हायत."

बाळंतीण दोन दिवसांची उपाशी होती. मी आंबेमोहोराचा मऊ भात तूप घालून डब्यात भरला आणि डबा फडक्यात बांधला. सांगितलं, "त्याच बोटीनं परत ये."

"मला पवायला येत न्हाई. मागं ऱ्हाऊन काय करू?"

बाळंतिणीला सोडून घरचं कुणी निघेना. बाबूराव छतावरच थांबला, बोट रिकामी परत आली आणि हौसाबाईला घेऊन गेली. पुढचं मला त्या सासूनंच नंतर सांगितलं.

हौसाबाईनं छतावर बसून डब्याच्या झाकणात भाताची मूद ठेवली. म्हणाली, "आज पाचवी. हात जोडा."

सासू म्हणाली, "आवं, आज तिसरा दिस. रात बी न्हाई झाली."

"रातीपतुर घर ऱ्हाईल का? सटवाई बाईच हाय. तिला कळतं."

"आन वंगाळ लिव्हलं म्हंजे?"

"तर माझ्या नावावर लिव्हू दे. मी हौसा. सांग तिला."

म्हातारीनं हात जोडले. बाळंतिणीनं भात खाल्ला. मग ती, मूल, सासू आणि दोन पोरं बोटीत बसली. बोट भरत आली. जागा एकाचीच उरली होती आणि सासऱ्याला ताप होता. हौसाबाईनं त्याला पुढं ढकललं. छतावर ती, बाळंतिणीचा घरधनी आणि बाबूराव राहिले. दुसरी बोट लांबच्या वस्तीवर होती.

बोट काठाला लागली. मी मूल हातात घेतलं. मुलगी होती, रडत होती. चालकानं माणसं उतरवली आणि लगेच बोट फिरवली.

सेट वाजला. "कंट्रोल, भिंत बसतेय. बोट कुठं? ओव्हर."

"निघाली. धरून ठेवा. ओव्हर."

"मावशी म्हणतेय, पोर पोचली का? ओव्हर."

"पोचली. ओव्हर."

पुढं नुसती घरघर. हवालदार बराच वेळ हाका मारत राहिले. मग त्यांनी माइक खाली ठेवला आणि ते उभे राहिले.

बोट पोचली तेव्हा तिथं घर नव्हतं. घरधनी बाभळीला अडकलेला जिवंत मिळाला. पंगत बसायची होती. मी हंडा उतरवला आणि वाढलं. बाळंतिणीनं विचारलं, "त्या मावशी कुठं हायत?" मी म्हणाले, "जेव आधी."

पाणी ओसरल्यावर दोघं सापडली. बाबूरावाचे अंत्यसंस्कार सैन्याच्या नियमानं झाले. त्याचे वडील उभे होते, त्यांनी कुणाचा आधार घेतला नाही. मग हवालदारांनी माझ्याकडं बघितलं. हौसाबाईला रँक नव्हती. तिच्यासाठी नियमही नव्हता. त्यांनी सेक्शन पुन्हा रांगेत घेतली.

"सावधान. सॅल्यूट."

जवानांनी सॅल्यूट केला. मीही केला.

हौसाबाईचा नवरा उशिरा पोचला. खांद्यावर घोंगडी, पाय चिखलानं भरलेले. त्यानं तिचं तोंड बघितलं. रडला नाही. मला म्हणाला, "ज्या लेकरापायी गेली म्हनत्यात, ते जगलं का?"

"जगलं. मुलगी आहे."

"आई?"

"आईही."

त्यानं मान हलवली. खांद्यावरची घोंगडी काढून झटकली आणि तिच्या अंगावर घातली.