भरताच्या धुरावर पडलेले बाँब

लढाई पेटली तेव्हा माझा धाकटा भाऊ सीमेवरच्या चौकीत होता. सकाळीच टीव्हीवरचा माणूस ओरडला, की त्याच भागातल्या चौक्या विमानांनी जमीनदोस्त केल्याचा दावा शत्रूनं केलाय. भावाचा फोन बंद! धुळ्याहून मोटरसायकलवर नवऱ्याच्या मागे बसून मी चाळीसगावजवळच्या माहेरी पोचले, तर आई देवापुढे गप्प बसलेली आणि आबा, माझे वडील, टीव्हीकडे बघून चक्क हसत होते. माझं डोकंच सणकलं.

"आबा, तुम्हले हसू कसं येस?"

आबा जुने फौजी. म्हणाले, "आम्हनी चौकी बी त्यास्नी अशीच उडाई व्हती."

त्यांची लढाई थंडीतली, ऐन वांग्याच्या भरताच्या दिवसांतली. ओस पडलेल्या गावाच्या शेतात वांगी लगडलेली, शेजारी कपाशीच्या वाळक्या काड्या. विस्तव पेटवायला सक्त मनाई. पण तुकडीत तिघं खानदेशी, मग काय! खंदकापासून लांब, बांधाआड जाऊन त्यांनी वांगी भाजायला घातली. धूर वर चढला आणि विमानं आली. तिघांनी धूम ठोकली. विमानांनी धुरावर बाँब ओतले, वळून येऊन पुन्हा ओतले. खंदकाला ओरखडा नाही! संध्याकाळी शत्रूच्या रेडिओवर बातमी : चौकी नष्ट. आबांना मात्र सुभेदारानं आठवडाभर नवे खंदक खणायला लावले.

"इतल्या वेगमा वरतीन धूर दिसस, माणूस नही दिसस," आबा म्हणाले. "बाँब पडना म्हनीसन लागना, असं नही."

मला असा काही हुरूप आला की ही गोष्ट मी अख्ख्या गल्लीला सांगून आले. टीव्हीवर कुणी 'उद्ध्वस्त' म्हटलं की मी ओरडायची, "वांगी! नुसती वांगी!" शेजारणी खो खो हसायच्या. आई तेवढी हसत नव्हती.

दुपार कलताना फोन वाजला. भाऊच, आणि सगळे सुखरूप! "बठ्ठा बरा शेतस. चौकीनं छत ग्यं, पण आम्ही खाले व्हतूत."

मी किंचाळले, नवऱ्याच्या पाठीत धपाटा घातला आणि फोन आबांच्या हातात कोंबला. आबांनी तो कानाला लावला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. पलीकडून भाऊ "आबा? आबा?" करत राहिला.

आईनं उठून फोन काढून घेतला. दिवसभरात ती पहिल्यांदाच बोलली.

"थांब रे भाऊ, तुन्हा बाप रडस."